जुन्या हत्यारांचे न्याय्य मोल

आपल्या उपनगरांतील जुनी घरे आता झपाट्याने उतरवली जात आहेत. अंधेरीचे आंबोली असो वा मरोळ, बोरिवलीची आय. सी. कॉलनी असो वा कुर्ल्याची गावठाणे, कौलारू घर किंवा एकमजली बंगला जातो आणि त्या जागी उंच इमारत उभी राहते. घर रिकामे करण्याचा दिवस ठरला की कुटुंबीय वस्तूंची वाटणी करू लागतात. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, आजीचे लग्नातील लुगडे, पितळेची भांडी यांना हक्काने मागणारे कोणी ना कोणी निघते. शिसवी कपाटावरून दोन भावांत शब्दाला शब्दही लागतो. मात्र पडवीच्या कोपऱ्यात पडलेली, आजोबांच्या हत्यारांची लाकडी पेटी सहसा कोणी मागत नाही. तिच्यात दोन-तीन रंधे असतात, पटाशा, करवती, गिरमिट, कानशी, गुण्या, ओळंबा असे बरेच काही असते. शेवटी भंगारवाल्याला हाक मारली जाते. तो काटा लावतो, लोखंडाच्या दराने पैसे मोजतो आणि पेटी उचलतो. चाळीस वर्षे एका माणसाच्या हाताखाली राबलेल्या वस्तूंचा हिशेब पाच मिनिटांत संपतो.

परंतु अशाच पेट्यांच्या शोधात फिरणारी माणसेही याच शहरात आहेत. कोणी लाकूडकामाचा छंद जोपासतो, कोणी जुन्या वस्तूंचा संग्रह करतो, कोणी चांगले पोलाद हवे म्हणून नव्या हत्यारापेक्षा जुने पसंत करतो. पाश्चात्त्य देशांत त्यांची सोय निराळी आहे. तेथे घरमालकाच्या निधनानंतर घरातील चीजवस्तूंचा लिलाव पुकारला जातो, वीस-पंचवीस वस्तू एका खोक्यात भरून खोक्यावर एकत्र बोली लावली जाते, आणि जाणकार मंडळी त्या खोक्यांच्या तळाशी काय आहे ते सकाळीच येऊन पाहून ठेवतात. आपल्याकडे असा घरगुती लिलाव क्वचितच होतो. आपल्याकडील शोध भंगाराच्या दुकानांतून, कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारांतून, भेंडीबाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवरील चोरबाजारातून आणि तेथे शुक्रवारी पहाटे रस्त्यावर भरणाऱ्या बाजारातून चालतो. कधी थेट उतरवल्या जाणाऱ्या घराच्या दारातही तो येऊन पोहोचतो. मार्ग वेगळे असले तरी त्यांतून उभा राहणारा नैतिक प्रश्न एकच आहे. घेणाऱ्याला वस्तूचे मोल ठाऊक आहे आणि देणाऱ्याला ते ठाऊक नाही, अशा वेळी घेणाऱ्याचे कर्तव्य कोणते? हा प्रश्न लहान वाटतो खरा; पण त्याच्यावर मोठमोठ्या संतांनी आणि तत्त्ववेत्त्यांनी विचार केलेला आहे.

‘लिलाव’ हा शब्दच मुळी आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला. १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि १७३९ पर्यंत साष्टी व वसईचा हा टापू त्यांच्या अमलाखाली राहिला. त्या दोन शतकांनी आपल्याला श्रद्धेबरोबर कामाची भाषाही दिली. मिस्त्री, घमेले, बिजागरी, चावी, पगार हे शब्द त्याच वाटेने मराठीत आले. काम करणारा, कामाची वस्तू, कामाचा मोबदला आणि शेवटी त्या वस्तूंची विक्री या सर्वांना नाव देणारे शब्द एकाच बंदरातून उतरले, ही गोष्ट आपण ध्यानात घ्यावी अशी आहे. मिस्त्रीपासून लिलावापर्यंतचा तो प्रवास आज प्रत्येक गावठाणात पुन्हा घडत आहे.

जुन्या हत्याराला मोल कशामुळे येते, हे आधी पाहिले पाहिजे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत सिद्ध केली. त्या एकजीव पोलादाच्या पटाशांची आणि रंध्याच्या पात्यांची धार अधिक टिके. म्हणून जुन्या शेफील्डच्या पात्यावर निर्मात्याच्या नावासोबत ‘कास्ट स्टील’ हे शब्द अभिमानाने ठोकलेले दिसतात. अमेरिकेतील स्टॅन्ले कंपनीने १८६९ साली लिओनार्ड बेली याचे हक्क विकत घेतले आणि चाकी फिरवून पाते वरखाली करता येणारा लोखंडी रंधा जगभर पोहोचवला. ब्रिटिश अमदानीत अशी हत्यारे मुंबईच्या गोदीत, रेल्वेच्या कार्यशाळांत आणि कारखान्यांत आली. पुढे ती कामगारांच्या आणि मिस्त्रींच्या पेट्यांतही आली. जाणकार माणूस गंजाचा वरचा थर पाहून बिचकत नाही. पात्याच्या सपाट बाजूस गंजाने खोल खड्डे पाडले आहेत काय, ओतीव लोखंडाला तडा गेला आहे काय, एवढेच तो पाहतो. बाकीचे घासून उजळते हे त्याला माहीत असते.

त्याच पेटीत कोणाचाही ठसा नसलेली हत्यारेही असतात. गावच्या लोहाराने घडवलेला वाकस, बाभळीच्या दांड्याची पटाशी, घरीच केलेली लाकडी मोगरी. यांना बाजारात फारसा भाव नाही. मात्र त्यांची मूठ एका विशिष्ट अंगठ्याखाली झिजलेली असते. डावखुऱ्या माणसाची पटाशी हातात घेतली की ती डावखुऱ्याची आहे हे कळते. तेव्हा हत्याराचे मोल दोन प्रकारचे असते. एक मोल त्याच्या धातूचे, घडणीचे आणि दुर्मिळतेचे. ते पैशांत सांगता येते. दुसरे मोल त्यात मुरलेल्या श्रमाचे. ते सांगणे कठीण आहे. आपला प्रश्न या दोन्ही मोलांना धरून सोडवावा लागेल.

एक उदाहरण कल्पू या. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लाल बहादूर शास्त्री मार्गालगत एके काळी कारखान्यांची रांग होती. त्यांपैकी कित्येक बंद पडले आणि तेथे व्यापारसंकुले व निवासी मनोरे झाले. समजा, अशाच एका कारखान्यात फिटर असलेल्या गृहस्थाच्या पश्चात त्याची पत्नी मुलुंडची खोली सोडून मुलीकडे निघाली आहे. हत्यारांची पेटी दारात ठेवली आहे. एक जाणकार येतो, पेटी चाळतो आणि विचारतो, “मावशी, केवढ्याला द्याल?” ती म्हणते, “द्या बाबा काय द्यायचे ते. मला त्यातले काय कळते?” तो तीनशे रुपये देतो. ती समाधानाने घेते, कारण भंगारवाला दीडशेच देत होता. पेटीतील एकटा रंधा संग्राहकांकडे काही हजारांना जाईल, हे त्याला पहिल्याच नजरेत कळलेले आहे.

त्याने काही पाप केले काय? त्याच्या बाजूनेही बोलता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते आपण प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. तो खोटे बोलला नाही. त्याने वस्तूला नावे ठेवली नाहीत. त्याने भंगारवाल्याच्या दुप्पट पैसे दिले. त्याचे ज्ञान त्याला फुकट मिळालेले नाही. वर्षानुवर्षे बाजार पालथे घालून त्याने ते कमावले आहे, आणि ज्ञानाचा लाभ घेणे हा काही गुन्हा नव्हे. शिवाय तो आला नसता तर ते पोलाद भट्टीत गेले असते. कायदाही त्याला दोष देणार नाही. मग आपल्या मनाला खटकते ते काय?

हे खटकणे फार जुने आहे. ख्रिस्तपूर्व ४४ साली रोमन तत्त्ववेत्ता सिसेरो याने कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथात क्विंटस स्केव्होला नावाच्या विधिज्ञाची हकिकत दिली आहे. स्केव्होलाला एक शेत घ्यायचे होते. मालकाने किंमत सांगितली. स्केव्होला म्हणाला की, माझ्या मते हे शेत त्याहून अधिक मोलाचे आहे. आणि त्याने सांगितलेल्या किमतीवर आपण होऊन एक लाख नाणी अधिक दिली. सिसेरो पुढे नोंदवतो की, हे सज्जनाचे कृत्य होते हे कोणीच नाकारत नाही, पण ते शहाण्याचे नव्हते असे लोक म्हणतात. सज्जनपणा आणि शहाणपणा यांची अशी फारकत करता येते काय, हाच तर सिसेरोचा सवाल होता.

आपल्या संत ऑगस्टीन यांनी पवित्र त्रैक्यावरील ग्रंथाच्या तेराव्या खंडात याहूनही जवळचे उदाहरण दिले आहे. एका नटाने जाहीर केले की, पुढच्या खेळात मी प्रत्येकाच्या मनातील इच्छा सांगेन. त्या दिवशी प्रचंड गर्दी लोटली. नटाने सांगितले की, तुम्हा सर्वांना स्वस्तात घ्यायचे आहे आणि महाग विकायचे आहे. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. ऑगस्टीन मात्र म्हणतात की, ही इच्छा सर्वांची नसते. आपल्या माहितीतील एका माणसाला कोणी एक हस्तलिखित ग्रंथ विकू लागला. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते आणि तो अगदी थोडे पैसे मागत होता. घेणाऱ्याने, विकणाऱ्याच्या ध्यानीमनी नसताना, त्याला रास्त आणि पुष्कळ मोठी किंमत दिली. मूळ भाषेतील त्या प्रसंगात ग्रंथाच्या जागी रंधा ठेवला की आपला मुलुंडचा दरवाजा तयार होतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या विषयाला शिस्तबद्ध रूप दिले. न्यायाच्या विवेचनात ते सांगतात की, मानवी कायदा पुष्कळ गोष्टी शिक्षेविना सोडून देतो, कारण तो सद्गुणी आणि दुर्गुणी अशा सर्वांसाठी केलेला असतो. परंतु देवाचा नियम देवाणघेवाणीत समतोल मागतो. विकणाऱ्याने सदोष वस्तू निर्दोष म्हणून विकू नये, हे तर उघडच आहे. त्यापुढे जाऊन ते म्हणतात की, हाच न्याय घेणाऱ्यालाही लागू आहे. विकणारा अज्ञानाने सोने तांब्याच्या भावाने विकत असेल आणि घेणाऱ्याला ते कळत असेल, तर ती खरेदी अन्याय्य होय आणि त्याने भरपाई केली पाहिजे. येथे संत थॉमस यांचा रोख भावातील थोड्याफार फरकावर नाही. रास्त किंमत म्हणजे रेघेसारखी काटेकोर गोष्ट नव्हे, तिच्यात अंदाजाला जागा असते, हेही त्यांनी मान्य केले आहे. त्यांचा रोख आहे तो वस्तू कोणत्या जातीची आहे याबद्दलच्या अज्ञानावर. मावशींना वाटते की आपण लोखंड विकतो आहोत. घेणाऱ्याला माहीत आहे की आपण रंधा घेतो आहोत. दोघांच्या व्यवहारात एकच वस्तू नाही, आणि म्हणून तेथे खरी संमतीही नाही.

कोणी येथे शुभवर्तमानातील शेतात लपवलेल्या ठेवीचा दाखला पुढे करील. त्या माणसाला ठेव सापडली, त्याने ती पुन्हा लपवली आणि मालकाला काही न सांगता शेत विकत घेतले. मग प्रभूनेच अशा खरेदीला संमती दिली नाही काय? परंतु तो दाखला स्वर्गराज्याचे मोल सांगण्यासाठी आहे. अन्यायी कारभाऱ्याचा दाखला जसा अफरातफरीचे समर्थन करीत नाही, तसा हाही बाजाराचा नियम घालून देत नाही. शिवाय एक तपशील आपण विसरतो. त्या माणसाने शेतासाठी आपल्याजवळचे सर्वस्व विकले. ठेव स्वस्तात पदरात पाडून घेण्याचा आनंद त्याला नव्हता; तिच्यापायी आपले सारे देऊन टाकण्याचा आनंद होता.

याचा अर्थ घेणाऱ्याने संग्राहकाकडील शेवटची किंमत मावशींच्या हातात ठेवावी असा होतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. पेटी हुडकणे, गंज काढणे, पात्याला धार देणे, मोडकी मूठ बदलणे आणि योग्य गिऱ्हाईक सापडेपर्यंत पैसे अडकवून ठेवणे हे श्रम आहेत आणि श्रमाला मजुरी आहे. न्याय एवढाच मागतो की, काय विकले जात आहे हे दोघांनाही ठाऊक असावे. “मावशी, हा रंधा भंगार नव्हे, याला चांगली किंमत आहे. मी एवढे देऊ शकतो, वाटल्यास आणखी कोणाला विचारा,” एवढे म्हटले की व्यवहार सरळ होतो. त्यानंतर ती जी किंमत मान्य करील ती उघड्या डोळ्यांनी मान्य केलेली असेल. चोरबाजारातील मुरलेल्या दुकानदाराशी घासाघीस करताना हे कर्तव्य तितके कडक नाही, कारण वस्तू ओळखणे हाच त्याचा धंदा आहे. समोरचा माणूस जितका अजाण आणि जितका गरजू, तितके आपले बंधन अधिक. येथे भंगारवाल्यालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. तो वजनाने घेतो, वजनाने विकतो आणि त्यावर घर चालवतो. कित्येकदा वितळण्यापासून एखादे हत्यार वाचते ते त्याच्याच नजरेमुळे.

उघड लिलावात अज्ञानाचा प्रश्न पुष्कळसा सुटतो, कारण दोन जाणकार समोरासमोर आले की बोली आपोआप खऱ्या मोलाकडे चढते. म्हणूनच जाणकारांनी आपसांत ठरवून बोली न चढवण्याची क्लृप्ती काढली, आणि म्हणूनच ब्रिटनमध्ये १९२७ साली अशा संगनमताविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. याच्या अगदी उलट लिलाव आपल्या ओळखीचा आहे. अनेक धर्मग्रामांत सणाच्या दिवशी भाविकांनी आणलेली फळे, भाज्या, कोंबडी यांचा लिलाव होतो. तेथे एखाद्या दुधी भोपळ्याला बाजारभावाच्या दसपट किंमत येते आणि देणारा हसत हसत देतो. स्वस्तात मिळाले नाही म्हणून तेथे कोणी हळहळत नाही. किंमत चढवणारी गोष्ट हाव असते तशी प्रीतीही असू शकते, एवढे तरी तो लिलाव आपल्याला शिकवतो.

आता दुसऱ्या मोलाकडे वळू. जुन्या करारातील अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात एक विलक्षण नियम आहे. कर्जापोटी कोणाचे जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण ठेवून घेऊ नये, कारण ते त्या माणसाचे जीवनच गहाण घेण्यासारखे होय. आपल्या देशातील १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलमही कारागिराच्या हत्यारांना जप्तीतून वगळते. सावकाराचा हक्क खरा असला तरी तो हत्याराच्या उंबऱ्यापाशी थांबतो. खंडेनवमीला आपले हिंदू शेजारी हत्यारांना फुले वाहतात, त्यामागेही कृतज्ञतेची हीच जाण आहे. परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावरील आपल्या परिपत्रकात सांगितले की, श्रमाची सारी साधने ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाचाच वारसा आहेत, आणि त्या साधनांपेक्षा श्रम करणारा माणूस श्रेष्ठ आहे. हे खरे असेल तर हत्यार ही केवळ खाजगी मालमत्ता उरत नाही. ते कोणाच्या तरी हाताची वाट पाहत असते.

म्हणून किमतीचा प्रश्न सुटल्यावरही एक प्रश्न उरतो. हे हत्यार जाणार कोठे? काचेच्या कपाटात ठेवणे वाईट नव्हे. मनोरीच्या ईस्ट इंडियन संग्रहालयात जुनी भांडी आणि शेतीची अवजारे पाहताना आपल्या मुलांना पूर्वजांचे कष्ट कळतात. परंतु सर्वच पटाशांनी कपाटात निजावे असे नाही. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस काही लोकांनी एक संस्था काढली, घराघरांतून पडून असलेली जुनी हत्यारे गोळा केली, ती दुरुस्त केली आणि आफ्रिकेतील कारागिरांकडे धाडली. संत जॉन बॉस्को यांनी १८५०च्या दशकात तुरीन येथे अनाथ मुलांसाठी चांभारकाम, शिवणकाम, सुतारकाम यांच्या कार्यशाळा उघडल्या. कुर्ल्याचे डॉन बॉस्को आणि बांद्र्याचे फादर आग्नेल या संस्थांमुळे तंत्रशिक्षणाची ती परंपरा आपल्याही दाराशी आहे. आपल्या धर्मग्रामातही एखादा नवशिका सुतार, नळदुरुस्ती करणारा, रंगारी असतोच. त्याला पहिली पेटी विकत घेणे किती जड जाते, हे त्यालाच विचारावे.

वाचकहो, घर उतरवण्याचा दिवस आपल्यापैकी अनेकांवर येणार आहे. त्या दिवशी काटा बोलावण्यापूर्वी ती पेटी एकदा उघडावी. घरातील वडीलधाऱ्यांना एकेका हत्याराचे नाव विचारावे आणि मुलांना ते ऐकू द्यावे. विकायचेच असेल तर दोन जाणकारांना दाखवून विकावे. गरजूस द्यायचे असेल तर धार लावून द्यावे. आणि आपण घेणारे असू, तर जे आपल्याला दिसले ते देणाऱ्यालाही दाखवावे.

१९५५ साली परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून नेमून दिला. योसेफाच्या मृत्यूविषयी शुभवर्तमाने काही सांगत नाहीत. त्याच्या हत्यारांचे पुढे काय झाले, तेही सांगत नाहीत. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानात नासरेथचे लोक येशूला सुताराचा पुत्र म्हणतात, आणि मार्काच्या शुभवर्तमानात तेच लोक त्याला सुतार म्हणतात. पित्याची हत्यारे पुत्राच्या हाती गेली होती, असे समजायला या दोन शब्दांत पुरेशी जागा आहे. नासरेथकरांनी ते शब्द हिणवण्यासाठी उच्चारले होते. आपण ते आदराने उच्चारतो, आणि तो आदर आपल्या घरातील पेटीपर्यंतही पोहोचला पाहिजे.